नारिन्योच्या पाच वाट्या

आमच्या घरात कॉफी कोणी पीत नसे. बाबांचा सगळा दिवस कॉफीत जायचा, त्यामुळे लोकांना याचं नवल वाटायचं. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर कॉफी भाजणारी एक मध्यम आकाराची कंपनी होती, तिथे ते चाखणारे होते. जहाजाने माल निघायच्या आधी त्याचे नमुने कुरियरने यायचे. ते भाजायचे, दळायचे, पाच वाट्यांत घालून वर उकळतं पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं, मग वर आलेली साय चमच्याने मोडून नाक अगदी वाटीत घालायचं. नंतर चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, तोंडभर फिरवायची आणि थुंकायची. एवढं झाल्यावर एका छापील कागदावर माल घ्यायचा की नाही ते लिहायचं. लहानपणी मी त्या सुर्रऽऽ आवाजाची नक्कल करून दाखवायचे आणि आई हसून हसून खुर्चीत बसायची. बाबा घरी आले की चहा प्यायचे, आलं ठेचून घातलेला, बशीत ओतून.

इंग्लंडला आधी आई आली, नर्स म्हणून. बाबा तिच्या मागून आले. पुण्यातली केमिस्ट्रीची पदवी होती, पण इथे तिला कोणी विचारीना, म्हणून ते त्या कंपनीत पॅकिंगला लागले. एकदा मशीनपाशी उभे असताना त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या चाखणाऱ्याला, केनला, सांगितलं की आज एका पोत्यातला माल कुठेतरी भिजलेला आहे. केनने पोती उघडून पाहिली, तर खरंच एक भिजलेलं निघालं. मग त्याने बाबांपुढे तीन-तीन कप ठेवले, दोन एकसारखे, एक वेगळा. बाबांनी दर वेळी वेगळा तेवढा उचलून बाजूला केला. ही गोष्ट आमच्याकडे पाहुणे आले की आई सांगायची. बाबा तेवढ्यात काहीतरी आणायला म्हणून आत जायचे, पण दाराआड थांबून ऐकायचे. केन निवृत्त झाल्यावर त्या खोलीत बाबा एकटेच उरले आणि त्यांचा शब्द शेवटचा झाला.

त्या नाकासाठी आमचं घर वेगळ्याच नियमांनी चालायचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी फोडणी नाही. कच्चा कांदा नाही, लसूण नाही, सुकी मासळी तर नाहीच. उदबत्ती रविवारी. मला सेंट नाही, हेअरस्प्रे नाही. मैत्रिणींच्या घरून आले तर स्वेटर आधी गॅरेजमध्ये टांगायचा. आई अलिबागकडची, सुकट-बोंबिलांवर वाढलेली. तिने आपली भूक शुक्रवारच्या संध्याकाळवर नेऊन ठेवली होती. शुक्रवारी तिची ड्यूटी संपली की ती युनिफॉर्मही न बदलता कढई चढवायची. सुकट, कांदा, कोकम, वर भरपूर कोथिंबीर. खिडक्या उघड्या, पंखा घरघरतोय, डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं, आणि आई एकटीच गुणगुणतेय. आठवड्यात तेवढा एकच दिवस आमच्या घराला घरासारखा वास यायचा.

बाबांची सगळ्यात लाडकी कॉफी नारिन्योची. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी कोलंबियाचा नकाशा चिकटवला होता. देशाच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, इक्वेडोरच्या सीमेला लागून नारिन्यो. तिथे बोट ठेवून ते मला सांगायचे, "विषुववृत्त इथून हाताच्या अंतरावर आहे, आणि तरी रात्री माणसं ब्लँकेटं घेऊन झोपतात. ज्वालामुखीच्या उतारावर शेतं आहेत, आपल्या भीमाशंकरच्या दुप्पट उंचीवर. एवढ्या थंडीत झाड मरायला हवं. पण खाली खोल दऱ्या आहेत, दिवसभर तापलेली हवा रात्री वर चढते आणि झाडांना सांभाळते. थंडीत फळ हळू पिकतं. जेवढं हळू पिकेल तेवढी गोडी दाण्यात उतरते." ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. पण त्या बाजूची पोती आली की त्यांची चाल बदलायची. तिथे एकेका घराची जेमतेम वीतभर शेती. पिकलेलं लाल फळ तेवढं हाताने तोडायचं, घरच्याच यंत्रावर साल काढायची, रात्रभर टाकीत आंबवायचं, धुवायचं आणि छपरावर वाळवायचं. मग दलाल येऊन सगळ्यांचं एकत्र करून न्यायचा. "कोणाची गोडी कोणाच्या नावावर जाते, देव जाणे," बाबा म्हणायचे.

मी ए-लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे इथल्या बारावीला होते तेव्हा आईने एका मंगळवारी सुकट तळली. मी कॉलेजमधून आले तर वास थेट गेटपर्यंत. धावत स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, आज ट्यूसडे आहे! बाबा ओरडतील." तिने ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा मला काही बरा दिसला नाही. थोड्या वेळाने बाबांची गाडी आली. त्यांनी कोट काढला, बूट काढले, स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढली आणि वर्तमानपत्र उघडत म्हणाले, "काय गं, आज पिठलं वाटतं?"

आईने गॅस बंद केला. कढईतलं चुरचुरणं थांबलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"अहो, मी वॉर्डात रोज बघते लपवणारी माणसं. मला नका सांगू. परवा दूध करपून कोळसा झालं, तुम्ही शेजारी बसून क्रॉसवर्ड सोडवत होतात."

बाबांनी तेव्हा कुठे कढईत पाहिलं.  "सर्दी आहे," ते म्हणाले. "उतरेल."

"जीपी डॉक्टरांकडे जाऊया."

"तिथे एकदा लिहिलं गेलं की संपलं. थोडे दिवस दे मला."

आईने दिले. तिने ते द्यायला नको होते, असं ती पुढे अनेकदा म्हणाली. पण एखाद्या माणसाजवळ असलेली एकच गोष्ट जाते आहे हे दिसत असताना त्याला घाई कशी करायची, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाला येऊन ठेपले आहे.

त्या शनिवारी बाबा कंपनीतल्या नमुन्यांच्या कागदी पुड्या घेऊन घरी आले. पाच पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या टेबलावर मांडल्या आणि मला हाक मारली. लहानपणी खेळ म्हणून त्यांनी मला हे सगळं शिकवलं होतं. आता त्यांनी चमचा माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर कागद घेऊन बसले.

"सांग."

"हा कॉफी जरा आंबट लागतो."

"ही कॉफी. लागते. आंबट कशासारखी? लिंबासारखी, चिंचेसारखी?"

"कोकमासारखी."

ते लिहायचे. माझ्याकडे त्यांच्या धंद्याचे शब्द नव्हते, फक्त आईच्या स्वयंपाकघरातले होते. मी म्हणायचे काकवी, चिकू, भाजलेले शेंगदाणे, भिजलेलं पोतं. ते त्याचं इंग्रजी करून कागदावर उतरवायचे. सोमवारी तो कागद कंपनीत जायचा. असे पुष्कळ शनिवार गेले. माझं मराठी त्या टेबलावर सुधारलं हे खरं आहे. वाईट वाटतं ते याचं, की त्या शनिवारांची मी वाट पाहायचे. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाकडे कान लावून बसलेले असायचे.

हिवाळ्याच्या शेवटी नारिन्योचा एक नमुना आला. डोंगरावरच्या एका गावातल्या काही कुटुंबांनी आपला माल दलालाला न देता पहिल्यांदाच वेगळा ठेवला होता. कोन्सुएलो नावाची एक बाई त्यांची चिटणीस होती. तिथल्या शाळेत ती शिकवायची आणि बाबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रं लिहायची. वेगळा ठेवा, फक्त लाल फळ तोडा, सावकाश वाळवा, हे बाबांनीच तिला दोनतीन वर्षं लिहून लिहून सांगितलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, घरातच बसायचं असूनही.

मी साय मोडली आणि पहिल्याच वाटीत दवाखान्याचा वास आला. दुसरीत आला. तिसरीत, चौथीत, पाचवीत. चाखून पाहिली तर जिभेच्या मागच्या बाजूला तेच, औषधी, कडवट.

"आईच्या वॉर्डसारखा वास आहे," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा उतरला. "नीट बघ."

"आहे, बाबा."

"पाचही वाट्यांत?"

"पाचही."

इथे मला थांबून सांगायला हवं. दाण्यात असा दोष असला तर तो एखाद्या वाटीत लागतो, फार तर दोनांत. पाचही वाट्यांत सारखाच आला तर आधी पाणी तपासायचं, भांडी तपासायची. बाबांनी हे मला मी नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं. ते मला त्या क्षणी आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. पेन कागदावर टेकवून ते माझ्याकडे पाहत राहिले होते. मी म्हणायला हवं होतं, की वाट्या धुऊन पुन्हा करूया. पण मग मी चुकले असं झालं असतं. तेवढ्यात ते म्हणाले, "एवढं बारीक पकडलंस तू. केनलाही आवडली असतीस." आणि मी गप्प बसले. त्यांनी खाली वाकून लिहिलं. माल नाकारला.

पुढच्या आठवड्यात कोन्सुएलोची ईमेल आली, बाबांनी ती छापून घरी आणली होती. तिने एवढंच लिहिलं होतं, की कृपा करून पुन्हा एकदा चाखा, आमच्याकडे सगळ्यांनी चाखली आहे, आम्हाला काही सापडत नाही. बाबांनी सभ्य भाषेत नकार कळवला. तो मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला, आणि मी त्यातलं एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

त्यानंतर एका रविवारी आईने साबुदाण्याची खीर केली आणि घाईत त्याच चिनी मातीच्या वाट्यांत वाढली. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी चमचा खाली ठेवला. वेलदोड्याच्या खालून तोच दवाखाना.

"आई, या वाट्यांना काय केलंयस?"

"काय म्हणजे? कॉफीचे डाग किती बसले होते. मध्ये एकदा रात्रभर ब्लीचमध्ये घातल्या होत्या, पुन्हा काल घातल्या. का गं? नीट नाही का धुतल्या गेल्या?"

बाबांनी आपल्या वाटीत पाहिलं. त्यांची खीर अर्धी संपली होती. त्यांना काहीच लागलं नव्हतं. "मध्ये म्हणजे कधी?" त्यांनी विचारलं. आईने आठवून सांगितलं. नेमका नारिन्योच्या त्या शनिवारचा आदला दिवस. ते उठले, बाहेर जाऊन गाडीत बसले आणि दुपारभर तिथेच बसून राहिले. इंजिन बंद होतं. आई दोनदा काचेवर टकटक करून आली. मी खिडकीतून पाहत होते, आणि मला भीती वाटत होती ती त्यांच्या काळजीने नव्हती. ते आत येऊन माझं नाव घेतील याची होती.

सोमवारी त्यांनी मॅनेजरला सगळं सांगितलं. नाक गेल्याचं, शनिवारी घरी चाखत असल्याचं. माझं नाव घेतलं नाही. मी एकटाच चाखत होतो, अंदाजाने लिहीत होतो, असं सांगितलं. उरलेला नमुना बाहेरच्या माणसाकडून चाखून घेतला गेला. स्वच्छ निघाला, इतका चांगला, की त्या माणसाने फोन करून विचारलं, ही कुठली आणि किती मिळेल. कोन्सुएलोला ताबडतोब कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. पावसाळा जवळ आला होता, घरात ठेवायला कोरडी जागा नव्हती. माल दलालाने नेला आणि इतर मालात मिसळला.

कंपनीने बाबांना वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. काही कागदांवर सह्या घेतल्या, एक निरोपाचं कार्ड दिलं, त्यावर सगळ्यांची नावं होती. नंतर ते हाउन्सलोला, विमानतळाजवळच्या एका गोदामात पार्सलांचे कागद तपासायला जाऊ लागले. आमच्याकडे आता रोज फोडणी व्हायची. आई मोठ्याने गुणगुणायची मात्र बंद झाली. वर्षभराने बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हा कुठे हॉस्पिटलमध्ये कळलं, की हा पार्किन्सन्स आहे, आणि पुष्कळदा हात थरथरण्याच्या काही वर्षं आधी नाक जातं. मंगळवारच्या त्या सुकटीवरून आम्ही वेळेवर डॉक्टर गाठला असता तर आजार काही टळला नसता. बाकीचं टळलं असतं.

त्याच सुमाराला कोन्सुएलो लंडनला आली, तिकडच्या शिक्षकांच्या कुठल्यातरी सरकारी दौऱ्याबरोबर. तिने कंपनीत फोन करून बाबांचा पत्ता मिळवला आणि कळवलं, की मला तुम्हाला भेटायचं आहे. स्लाऊ स्टेशनजवळच्या एका कॅफेत आम्ही गेलो. गाडी मी चालवली, कारण बाबांना आता चालवता येत नव्हतं. त्यांनी टाय लावला होता आणि उजवा हात टेबलाखाली धरून ठेवला होता. ती आली. पन्नाशीची, ठेंगणी, सावळी, जाड लोकरी स्वेटर घातलेली. तिने चहा मागवला.

ती सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होती. "तुमच्या पत्रांतून तुम्ही मला चांगले माणूस वाटायचात. मला बघायचं होतं, तुम्ही कसे आहात."

"चूक माझी होती," बाबा म्हणाले. "मला वास येत नव्हता. मी ते लपवलं. तुमच्या मालात काहीही दोष नव्हता."

तिने मान हलवली आणि काय झालं ते सांगितलं. आवाज वर्गात मुलांना धडा सांगावा तसा. माल मिसळला गेला. पुढच्या तोडणीला फळं निवडायला कोणी तयार होईना. शाळामास्तरीणबाईंच्या नादाने एकदा वर्ष फुकट गेलं, पुन्हा नको, असं लोक म्हणू लागले. तिचा धाकटा भाऊ सगळ्यात उंचावर शेती करायचा. त्याने झाडं उपटली आणि तो शहरात टॅक्सी चालवायला गेला. त्या दोघांचं आता बोलणं नाही. एवढं सांगताना तिचं लक्ष टेबलाखाली थरथरणाऱ्या बाबांच्या हाताकडे गेलं. ती थांबली. मग म्हणाली, "आजारी माणसावर मी काय रागवू?"

 ती पर्स उचलायला लागली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "ती मी चाखली होती."

बाबा मराठीत म्हणाले, "गप्प बस गं."

"मी चाखली होती," मी पुन्हा म्हटलं. "वाट्यांना ब्लीचचा वास होता. मला शंका आली होती, आणि मी बोलले नाही."

कोन्सुएलोने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ती ओरडेल, उठून जाईल, असं मला वाटलं. तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने पर्स पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "त्या वासाच्या खाली काही लागलं का तुला?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनीसुद्धा नाही. "हो," मी म्हटलं. "पहिल्या घोटाला, क्षणभर. गुळासारखं." गूळ तिला कसा सांगायचा ते सुचेना. उसाचा रस आटवून केलेली ढेप, असं मी हातांनी दाखवलं.

"पानेला," ती म्हणाली. "आमच्याकडेही अशी ढेप करतात."

"मग मोसंबीच्या सालीचा वास. आणि थोडी गार झाल्यावर जांभूळ. हे काळं फळ आहे, इंडियातलं, खाल्लं की जीभ जांभळी होते."

ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "गार झाल्यावर फळ येतं, ते माझ्या भावाच्या शेतातलं," ती म्हणाली. "तो नेहमी म्हणायचा, त्याचं वेगळं आहे. मी त्याला सांगायचे, बाहेरचं कोणी म्हणेल तेव्हा मानू." तिने चहा संपवला, आधी बाबांचा आणि मग माझा हात हातात घेतला, आणि स्टेशनकडे चालत गेली. भावाला तिने हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही घरी आलो. आईने दार उघडलं आणि विचारलं, "कशी आहे हो बाई?" ते म्हणाले, "चांगली आहे," आणि कोट न काढताच जिना चढून वर गेले.